सलीम अलींच्या तलावाकडे आपली पाठ का?

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी माझ्या भाच्याला घेऊन औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगरच्या) दिल्ली गेटजवळच्या सलीम अली सरोवरावर गेलो होतो. तो अकरावीत शिकतो. त्याचा जन्म याच शहरातला आणि शाळेचा रस्ताही याच तलावाजवळून जाणारा. मी सहज विचारले, "हे सलीम अली कोण, माहीत आहे का?" थोडा विचार करून तो म्हणाला, "कोई बुजुर्ग होंगे मामू. इधरीच कहीं दरगाह होगी उनकी."

मला हसू आले, पण ते फार वेळ टिकले नाही. त्याच्या वयाचा असताना मलाही यापेक्षा जास्त माहीत नव्हते. सलीम अली मला भेटले ते इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, होस्टेलमधल्या एका कोल्हापूरच्या मित्राच्या टेबलावर पडलेल्या पुस्तकात. आपल्या मोहल्ल्याशेजारच्या तलावाला ज्यांचे नाव आहे, त्यांची ओळख मला साडेचारशे किलोमीटरवरून आलेल्या मुलाने करून दिली. हा लेख त्या अवघडलेपणातून लिहितो आहे.

मोगल काळात हा तलाव खिजरी तलाव म्हणून ओळखला जायचा. समोर हिमायत बाग आहे. पुढे तलावाला डॉ. सलीम अलींचे नाव मिळाले. नावांवरून आपल्या शहरात किती राजकारण झाले हे वेगळे सांगायला नको. त्या वादात आपण सगळेच हिरिरीने बोलतो. पण ज्या नावाबद्दल काहीही वाद नाही, त्या नावाच्या माणसाने काय केले हे आपल्या पोरांना ठाऊक नसते.

तेव्हा आधी त्यांच्याबद्दल थोडे सांगतो.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. आई-वडील लहानपणीच गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीतल्या घरी त्यांना वाढवले. मामा शिकारी होते, म्हणून भाच्याच्या हातातही छर्ऱ्याची बंदूक आली. दहाएक वर्षांच्या सलीमने एक दिवस चिमणी म्हणून एक पक्षी पाडला. उचलून पाहतो तर गळ्यावर पिवळा डाग. नेहमीच्या चिमणीचे मांस घरात चालत असे, पण हा वेगळा पक्षी खाणे मुसलमानाला जायज आहे की नाही, अशी शंका त्याला आली. तो मामांकडे गेला. मामांनाही उत्तर माहीत नव्हते. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्डनी पक्षी ओळखला, कपाटे उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. भारतातल्या पक्षिशास्त्राचा सर्वांत मोठा अध्याय एका मुलाच्या हलाल-हरामच्या शंकेतून सुरू झाला. "कशाला एवढी चौकशी, टाकून दे" असे मामा म्हणाले असते, तर तो तिथेच संपलाही असता.

पुढचा प्रवास सरळ नव्हता. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. घरच्या व्यवसायासाठी काही वर्षे ब्रह्मदेशात काढली. परत येऊन संग्रहालयात नोकरी केली, जर्मनीत जाऊन एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले आणि १९३० मध्ये भारतात परतले तेव्हा बेकार होते. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले आणि तिथे त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर अर्धवट घरटे बांधतो, मादी ते तपासून पसंत करते, मग नर ते पूर्ण करून दुसरे बांधायला घेतो, हा सगळा व्यवहार त्यांनी तासन्‌तास बसून टिपला. त्यानंतर त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. १९४१ मध्ये 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' आले. डिलन रिप्ले यांच्यासोबत भारत आणि पाकिस्तानातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा कोश झाला. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्याच सुमारास मिळालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्ग संवर्धनाच्या निधीसाठी दिली. १९८७ मध्ये, नव्वदीत, ते गेले.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. सलीम अली तरुणपणीच कर्मकांडापासून दूर गेले होते आणि आत्मचरित्रात त्यांनी ते लपवलेले नाही. म्हणून 'आपला माणूस' अशी पाटी लावून त्यांना मिरवण्यात मला रस नाही. त्यांच्याकडून घ्यायचे ते वेगळे आहे. शंका आली तर ती दाबायची नाही, ज्याला माहीत आहे त्याच्याकडे जाऊन विचारायची आणि उत्तर मिळाल्यावर पुढची शंका काढायची.

आणि ते एकटे नव्हते. हुमायून अब्दुलाली यांनी पक्ष्यांच्या अभ्यासाबरोबरच १९५१ च्या मुंबई प्रांतातल्या वन्यपक्षी आणि वन्यप्राणी संरक्षण कायद्याच्या घडणीत मोठा वाटा उचलला. जफर फतेहअली यांनी हौशी पक्षीनिरीक्षकांसाठी पत्रिका काढून देशभरच्या लोकांना जोडले. लईक फतेहअली यांनी सलीम अलींबरोबर सामान्य वाचकांसाठी पक्ष्यांचे पुस्तक लिहिले. बिहारच्या जमाल आरा यांनी औपचारिक उच्च शिक्षण नसताना छोटा नागपूरच्या जंगलांत पक्ष्यांचा अभ्यास केला आणि नॅशनल बुक ट्रस्टसाठी मुलांचे पुस्तक लिहिले. बिहारमधल्याच पिढीजात पक्षी पकडणाऱ्या मीरशिकार समाजातले अली हुसेन सलीम अलींच्या संस्थेसोबत काम करू लागले. बापजाद्यांनी विकण्यासाठी वापरलेले जाळे त्यांनी पक्ष्यांच्या पायात कडी घालून सोडण्यासाठी वापरले. श्रीमंत घरातले, साध्या घरातले, शिकलेले, न शिकलेले, पुरुष आणि बायका, सगळे या यादीत आहेत. 'हे आपले काम नव्हे' असे म्हणणाऱ्याने ही यादी एकदा वाचावी.

मी हा विषय मित्रांमध्ये काढतो तेव्हा पहिला आक्षेप ठरलेला असतो. "यार, आपल्यापुढे शिक्षण, नोकरी, घर भाड्याने मिळणे, रोजची असुरक्षितता एवढे प्रश्न आहेत आणि तू पाखरे मोजतोस?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण त्यामागे एक गैरसमज आहे. पक्षी आणि माणसांचे प्रश्न वेगवेगळे असतात, असा तो गैरसमज.

गिधाडांचे उदाहरण घ्या. नव्वदच्या दशकात गुरांना डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक सर्रास दिले जाऊ लागले. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले की त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. काही वर्षांत भारतातल्या तीन जातींची गिधाडे नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. गिधाडे नसल्याने मेलेली जनावरे सडत पडली, पाणी दूषित झाले, भटकी कुत्री वाढली आणि त्यांच्याबरोबर रेबीजचा धोकाही. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी याचा हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजानुसार २००० ते २००५ या काळात देशात त्यामुळे सुमारे पाच लाख जास्तीचे मानवी मृत्यू झाले. ही माणसे कुठल्या वस्त्यांतली असतील? ज्यांच्याजवळ मेलेली जनावरे टाकली जातात, जिथे नळाचे पाणी भरवशाचे नसते आणि जिथून सरकारी दवाखाना लांब असतो, तिथली.

तलावाचेही तसेच. तलावात सांडपाणी शिरले की त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी माजते. ती पृष्ठभाग झाकून टाकते, खाली उजेड जात नाही, सडणारा पाला पाण्यातला प्राणवायू संपवतो आणि मासे मरतात. बुडी मारून मासे धरणारे पाणकावळे आणि टिबुकल्या निघून जातात. डास मात्र राहतात. तलावाच्या काठावर बंगले नसतील, मोहल्ला असेल, तर डासांचा त्रास कोणाच्या घरी येणार हे सांगायला आकडेवारी लागत नाही. पक्षी आधी जातात, आपला नंबर नंतर लागतो. पक्ष्यांकडे पाहणे ही आपल्या वस्तीच्या तब्येतीकडे पाहण्याची सर्वांत स्वस्त पद्धत आहे.

दुसरा आक्षेप कमी लोक बोलून दाखवतात, पण तो मला जास्त जाणवतो. दोन वर्षांपूर्वी एका पाझर तलावाच्या बांधावर मी एकटाच दुर्बीण आणि वही घेऊन बसलो होतो. दोघे-तिघे आले. काय करता, कुठून आलात, हे प्रश्न साधे होते. मी नाव सांगितल्यावर प्रश्न वाढले. वहीत काय लिहिले आहे, फोटो कशाचे काढले, ओळखपत्र दाखवा. मी वही दाखवली. त्यात 'शेकाट्या १४, वंचक ३, धोबी ६' असे लिहिलेले पाहून त्यांना काय वाटले असेल कोण जाणे. शेवटी ते गेले. मी त्यानंतर दोन महिने दुर्बीण कपाटातून काढली नाही.

ती परत काढायला लावली आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटातल्या एका निवृत्त शिक्षकांनी. "पुढच्या रविवारी त्याच बांधावर सगळे जाऊ," एवढेच ते म्हणाले. अकरा जण गेलो. त्याच गावातली चार पोरे येऊन दुर्बिणीतून बघून गेली. मी या अनुभवातून असे समजलो की तलाव, माळ, डोंगर या सार्वजनिक जागा आहेत आणि तिथे आपण दिसलो नाही तर आपले तिथे असणेच विचित्र वाटू लागते. भीती खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणून घरात बसलो तर ती मोठी होते. चौघांनी मिळून, उघडपणे, गावातल्या लोकांशी बोलत गेलो तर ती कमी होते. म्हणून एकटे जाऊ नका, गट करून जा, आणि गट मिश्र असू द्या.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. कारण दोष फक्त बाहेर नाहीत.

आपल्या किती घरांत पिंजऱ्यात मिठू आहे? पोपट पाळणे हा सर्वच समाजांतला शौक आहे हे खरे, पण म्हणून आपला पिंजरा माफ होत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतातल्या रानपोपटाला संरक्षण आहे. तो पकडणे, विकणे, पाळणे गुन्हा आहे. ढोलीतून काढलेली बरीच पिल्ले बाजारापर्यंत पोचण्याआधीच मरतात. जो मिठू आपल्या घरी 'अस्सलाम अलैकुम' बोलतो, तो त्यातून वाचलेला असतो.

याहून मला जास्त खटकते ती सदक्याची पाखरे. घरात कुणी आजारी पडले, अडचण आली, की मुनियांचा पिंजरा विकत घ्यायचा आणि पाखरे सोडून द्यायची. नियत चांगली असते. माझी नानी हे करायची आणि तिच्या नियतीवर मी कधीही शंका घेणार नाही. पण हिशेब बघा. आपण सोडण्यासाठी विकत घेणार म्हणूनच कुणीतरी जाळे लावतो. दहा पाखरे सोडल्याचे समाधान आपल्याला मिळते आणि पुढच्या आठवड्यासाठी नवी पाखरे पकडली जातात. कित्येकदा त्यांना हिरवा-लाल रंगही फासलेला असतो. दमलेली, भुकेली पाखरे शहराच्या मध्यात सोडली की त्यातली किती जगतात? कैद करायला पैसे देऊन आझादीचे सवाब कसे मिळेल? हाच पैसा एखाद्या मुलीच्या फीला द्या किंवा देशी झाड लावून दोन उन्हाळे पाणी घाला.

यात मी धर्माच्या विरोधात काही बोलतो आहे असे कुणाला वाटेल, तर उलट आहे. सूरह अल-अनआममध्ये जमिनीवरचे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हे माणसांसारख्याच उम्मती असल्याचे सांगितले आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहातल्या एका हदीसमध्ये सफरीतल्या साथीदारांनी एका पाखराची पिल्ले उचलली तेव्हा पैगंबरांनी ती परत ठेवायला सांगितल्याचा प्रसंग आहे. सूरह अन-नम्लमध्ये सुलेमान अलैहिस्सलाम यांच्याकडे सबाची खबर आणणारा हुदहुद आपण लहानपणी मकतबात ऐकलेला असतो. पण हा हुदहुद हिवाळ्यात हिमायत बागेसारख्या ठिकाणी जमिनीत लांब चोच खुपसून किडे वेचताना दिसू शकतो, हे आपल्याला कुणी सांगत नाही. मराठीत त्याचे नाव हुदहुद्या. आणि काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पाणपक्षी आहे त्याला मराठीत वारकरी म्हणतात. ही दोन्ही नावे आपल्याच भाषेतली आहेत आणि दोन्ही पक्षी एकाच सकाळी बघता येतात.

धर्माचा आधार ज्याला हवा त्याने घ्यावा. नागरिक म्हणून संविधान पुरेसे आहे. अनुच्छेद ५१-क मध्ये निसर्गाचे रक्षण आणि प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी हे मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिले आहे. यादीत त्याच्या लगेच पुढे वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी येते. ही दोन कर्तव्ये शेजारी आहेत हे मला फार योग्य वाटते, कारण एकावाचून दुसरे नीट जमत नाही.

हे मी भरतपूरवरून सांगतो. राजस्थानातल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ मध्ये गुरे चारायला बंदी झाली. गावकरी विरोधात उतरले, गोळीबार झाला, माणसे गेली. सलीम अलींसारखे संवर्धकही तेव्हा चराईबंदीच्या बाजूने होते. पण त्यांच्याच संस्थेने केलेल्या प्रदीर्घ अभ्यासातून निघाले ते उलट. म्हशी गवत खात होत्या म्हणून पाणी मोकळे राहत होते. त्या थांबल्यावर गवत माजले आणि पाणपक्ष्यांचीच जागा गेली. संस्थेने हा निष्कर्ष लपवला नाही. म्हणून उद्या कुणी तलाव वाचवायचा म्हणून काठावरच्या मासे धरणाऱ्यांना किंवा गवत कापणाऱ्या बायांना हाकलायचे म्हणाले, तर आपण दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पुरावा काय? आणि त्यांना विचारले का?

पुरावा कुठून येतो, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला कळते. 'ई-बर्ड' नावाच्या व्यासपीठावर सामान्य लोक आपण पाहिलेल्या पक्ष्यांच्या याद्या टाकतात. भारतातल्या सुमारे ३० हजार लोकांनी टाकलेल्या अशा तीन कोटी नोंदींवर २०२३ चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स' अहवाल उभा आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल सांगता आला, त्यातल्या ६० टक्के जाती घटल्या आहेत. एकूण १७८ जातींना तातडीने लक्ष देण्याची गरज आहे. हे कुठल्या एका प्रयोगशाळेने शोधले नाही, गच्चीत आणि बांधावर उभ्या राहिलेल्या माणसांनी शोधले. मी आमच्या गल्लीतून पहिली यादी टाकली तेव्हा नकाशावर त्या ठिकाणी त्याआधीची एकही नोंद सापडली नाही. जिथे मोजणारा कुणी नाही, तिथे काय होते आणि काय गेले हे उद्या सिद्ध करता येणार नाही. आपल्या वस्त्यांबाबत आपण अशा पुसल्या गेलेल्या गोष्टी पुष्कळ सोसल्या आहेत. ही एक नोंद तरी आपल्या हातात आहे.

तेव्हा तरुण मित्रमैत्रिणींनो, फार मोठे काही सांगत नाही.

फजरला उठत असाल तर त्यानंतर परत झोपू नका. पक्षी सर्वांत जास्त बोलतात ती हीच वेळ. पंधरा मिनिटे गच्चीत उभे राहा आणि दिसेल ते लिहा. दुर्बीण नसली तरी कावळा, साळुंकी, बुलबुल, सूर्यपक्षी, घार, वेडा राघू नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. ज्या मैत्रिणींना बाहेर एकटे जायला घरून अडचण आहे, त्यांच्यासाठी गच्ची हे पहिले निरीक्षण केंद्र समजा, शेवटचे नव्हे. महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून तलावावर जा. थंडीत एकदा पैठणला जायकवाडी पक्षी अभयारण्य पाहा. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस तिथे पाहिलेत तर पुढची काही वर्षे तुम्ही स्वतःच दुसऱ्यांना ओढून न्याल.

मग एक नागरिकाचे काम करा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकांच्या मदतीने जैवविविधता नोंदवही तयार करायला हवी. तुमच्या गावची किंवा शहराची समिती कोण, ती शेवटची कधी बसली, नोंदवहीत तुमच्या तलावाबद्दल काय लिहिले आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जासोबत तुमच्या वर्षभराच्या याद्या जोडा. नुसत्या तक्रारीपेक्षा नोंदी असलेली तक्रार टाळणे कठीण जाते.

महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह साजरा होतो. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवशी तो सुरू होतो आणि सलीम अलींच्या जन्मदिवशी संपतो. सोलापूरच्या चितमपल्लींनी मराठीला पक्ष्यांची नावे आणि शब्द दिले, मुंबईच्या सलीम अलींनी देशाला पक्षी बघायला शिकवले. या वर्षी त्या सप्ताहातला एक दिवस आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेत ठेवा.

माझा भाचा त्या दिवशी तलावावरून निघताना म्हणाला, "मामू, वो पीले गले वाली चिड़िया यहाँ मिलेगी?" मी म्हणालो, मिळू शकेल, शोधावी लागेल. पुढच्या रविवारी साडेसहाला तो माझ्या दारात उभा होता. सोबत त्याचे दोन दोस्त होते, आणि त्यातला एक हिंदू होता. पिवळ्या गळ्याची चिमणी अजून सापडलेली नाही. त्यांची यादी मात्र एकेचाळीस जातींपर्यंत गेली आहे.